जोडीतला दुसरा

मराठी माणूस आयुष्यात ज्या काही महत्त्वाच्या वस्तू घेतो, त्या बहुधा जोडीने घेतो. धोतरजोडी, बैलजोडी, चपलांचा जोड, पाटल्यांचा जोड. लग्नात तर तो स्वतःच जोड्यातला एक होऊन बसतो आणि लोक कौतुकाने म्हणतात, ‘काय लक्ष्मीनारायणाचा जोडा आहे!’ त्याच जोड्याचा दुसरा अर्थ पुढे संसारात हळूहळू उलगडत जातो, ती गोष्ट वेगळी. पण एक गंमत पाहा. जोडी म्हटली तरी आपण पाहतो तिच्यातल्या एकाकडेच. धोतरजोडीतले एक धोतर लग्नाकार्याला नेसायचे म्हणून घडी करून पेटीत जाते. दुसरे आधी घरात नेसायला, मग पंचा करायला आणि शेवटी सायकल पुसायला. दोन्ही एकाच मागावरची, एकाच दिवशी विकत घेतलेली, पण एकाच्या नशिबी अत्तर आणि दुसऱ्याच्या नशिबी ग्रीस.

या दुसऱ्याचे काय, हा माझ्या चिंतनाचा विषय आहे. तो मला कोणा तत्त्ववेत्त्याने दिलेला नाही. माझ्या पुतण्याने दिला, आणि तोही पोकेमॉन खेळता खेळता.

ज्यांच्या घरात दहा ते वीस वयाचे माणूस नाही, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. पोकेमॉन हा १९९६ साली जपानात निघालेला व्हिडिओ गेम. त्यात चित्रविचित्र प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी झुंजवायचे. प्राण्यांची संख्या आता हजाराच्या वर गेली आहे. (आपण देवांच्या बाबतीत तेहेतीस कोटींपर्यंत गेलो होतो, तेव्हा आपल्याला यात आश्चर्य वाटायचे कारण नाही.) या खेळाची जागतिक स्पर्धाही भरते आणि २००९ पासून ती दुहेरी लढतींची असते. दुहेरी म्हणजे दोन माणसे मिळून खेळत नाहीत. दोन्ही बाजूंचे दोन-दोन प्राणी एकाच वेळी मैदानात उतरतात. स्पर्धेला जाताना सहा प्राणी न्यायचे. समोरच्याने आपले सहा पाहायचे, आपण त्याचे सहा पाहायचे, आणि मग सहांतले चारच लढतीला घ्यायचे. मुलगी पाहायला सहा जणांनी जावे आणि बोलणी मात्र चौघांनीच करावी, तसे. बाकीचे दोघे नुसते पोहे खाऊन येतात. पण समोरच्याला ते कळत नसल्यामुळे तो त्यांनाही भिऊन असतो.

पुतण्या आपले सहा जण निवडत बसला होता. ही निवड दोन आठवडे चालू होती. एवढ्या वेळात एखाद्या राज्याचे मंत्रिमंडळ बनते आणि पडतेही. मी कॉमर्सचा पदवीधर. मी त्याला सरळ मार्ग सांगितला.

‘अरे, ताकदीप्रमाणे उतरत्या क्रमाने यादी कर आणि वरचे सहा उचल.’

तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, ‘काका, अकरा कोहली घेऊन टीम होते का? कीपिंग कोन करन?’

मग त्याने मला दुहेरीचे शास्त्र समजावून सांगितले. भूकंप नावाचा एक हल्ला असतो. तो करणारा सोडून मैदानातल्या सगळ्यांना लागतो. समोरच्या दोघांना लागतोच, पण शेजारी उभ्या असलेल्या आपल्याच जोडीदारालाही लागतो. म्हणून भूकंपवाल्याशेजारी उडणारा प्राणी ठेवायचा. त्याचे पाय जमिनीला टेकलेलेच नसल्यामुळे त्याला धक्का बसत नाही. हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढून ओळखीचे कितीतरी संसार सरकून गेले. नवरा भूकंपप्रवण असेल तर बायकोला पंख हवेत, हा साधा नियम आहे. पण पत्रिका जुळवताना तो कोणी पाहत नाही. छत्तीसांपैकी बत्तीस गुण जुळतात आणि नेमके भूकंपाचे चार राहून जातात.

दुसरी एक चाल आहे, तिला ट्रिक रूम म्हणतात. ती खेळली की पाच पाळ्यांपर्यंत जगाचा कायदा उलटा होतो. जो सर्वांत मंद, त्याचा नंबर सर्वांत आधी. यात मला काही नवे वाटले नाही. कित्येक कचेऱ्या याच तत्त्वावर चालतात. फक्त तिथे पाच पाळ्यांची मर्यादा नसते. नवे वाटले ते वेगळेच. ही चाल ज्याने खेळायची, तो त्या पाळीत स्वतः कोणालाच मारत नाही. शेजारच्या धिप्पाड पण मंद मित्राची वेळ आणून देण्यात त्याची पाळी खर्ची पडते. पाहणारा म्हणतो, मित्राने काय मारले! मित्राची वेळ कोणी आणली, हे कोणी म्हणत नाही.

आणि मग त्याने मला २०१४ सालची गोष्ट सांगितली. या खेळाच्या पुराणात तिला भारतीय युद्धाइतके महत्त्व आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनला जागतिक स्पर्धा झाली. दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क नावाचा खेळाडू आपल्या संघात पाचिरिसू घेऊन आला. पाचिरिसू म्हणजे खार. उंची ४० सेंटिमीटर, वजन ३.९ किलो, पाठीवर निळा पट्टा. जमलेल्या मंडळींच्या संघांत पर्वतप्राय प्राणी, आणि हा गृहस्थ खार घेऊन आलेला! आमच्याकडे कुस्त्यांच्या दंगलीत कोणी पोपट घेऊन उतरला असता, तर जेवढे हसू झाले असते तेवढे झाले असणार.

पण जोडी पाहा. पार्ककडे गायराडोस नावाचा साडेसहा मीटर लांबीचा, २३५ किलो वजनाचा जलराक्षस होता. त्याला सगळ्यात भय विजेचे. विजेचा मार त्याला मुळात चौपट लागतो. खारीकडे एक चाल होती. ती खेळली की समोरच्याने कोणा एकावर नेम धरून केलेला हल्ला वळून खारीवरच येतो. आणि त्या खारीचा गुण असा, की वीज अंगावर पडली की ती मरत तर नाहीच, उलट तिची तब्येत सुधारते. जे एकाचे मरण, ते दुसऱ्याचे टॉनिक! समोरचे राक्षसावर नेम धरीत, घाव खारीवर येत, आणि तेवढ्या वेळात राक्षस आपले काम उरकून घेई. सेजुन पार्क त्या वर्षीचा जगज्जेता झाला.

मी भारावून गेलो. आपल्याकडे खारीचा वाटा म्हणजे सेतू बांधताना अंगाला चिकटून आलेली चिमूटभर वाळू. रामाने पाठीवरून बोटे फिरवली, पट्टे उमटले, आणि तेव्हापासून आपण वर्गणीत पाच रुपये देताना खारीचे नाव घेतो. इथे खारीचा वाटा निम्म्याहून अधिक होता. मी म्हणालो, ‘काय हा त्याग! मित्रासाठी सगळे घाव आपल्या अंगावर घ्यायचे!’

पुतण्या म्हणाला, ‘त्याग कायचा, काका? बटन तर खेळनारा दाबते.’

आता हे वाक्य ऐकून कोणीही शहाणा माणूस चहा मागवून विषय बदलतो. पण बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड लागलेली असते. कागद समोर आला की तो मजकूर वाचत नाही. आधी खाली सही आहे की नाही ते पाहतो. खारीच्या त्यागाच्या कागदावर खारीची सही नव्हती.

आमच्याकडे खारीच्या जागी जामीनदार असतो. कर्ज घेणारा गायराडोस. तो ट्रॅक्टर घेतो, पेढे वाटतो, ट्रॅक्टरपुढे उभा राहून फोटो काढतो. जामीनदार फोटोत नसतो. पण हप्ते थकले की नोटीस वळून थेट त्याच्या घरी जाते. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८ सांगते, की एरवी काही ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. फरक एवढाच, की या खारीने सही केलेली असते. ‘तुम्हाला मान्य आहे ना?’ असे तिला विचारलेले असते. ती न वाचता हो म्हणते, हा भाग निराळा. शिवाय त्याच कायद्याचे कलम १४५ म्हणते, की जामीनदाराने रास्तपणे भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करण्याचा त्याला हक्क आहे. म्हणजे इंग्रजाच्या राज्यात, १८७२ साली, दुसऱ्याचे दोन हक्क मान्य झाले होते. एक, त्याला आधी विचारावे. आणि दोन, नंतर त्याचे देणे फेडावे. घराघरांत हा कायदा अजून लागू व्हायचा आहे.

आमचे आंधळगाव भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात. या झाडीपट्टीत जोडी हा शब्द उच्चारला की माणसाला आधी बैल आठवतात आणि मग बायको. पश्चिम महाराष्ट्रात जिला बैलगाडा शर्यत म्हणतात, तिचा आमच्याकडचा भाऊबंद म्हणजे शंकरपट. दिवसा पट आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक. पाहुणे दोन्हींसाठी येतात आणि मधल्या वेळात मुलामुलींची स्थळे पाहून घेतात. एक जोडी पाहायला आलेला माणूस दुसरी जमवून जातो. पटाची जोडी लावणे म्हणजे पुतण्याच्या दोन आठवड्यांसारखेच काम. एक बैल वारा आणि दुसरा मालगाडी असला, की छकडा सरळ जात नाही. मंद बैलाच्या बाजूला वळतो. गावातला सर्वांत वेगवान बैल घेऊन कोणी पट जिंकत नाही. त्याच्याबरोबर पळणारा दुसरा लागतो. बक्षीस मात्र मालकाच्या नावाने पुकारतात. बैलांना संध्याकाळी ढेप मिळते.

योगायोग असा, की ज्या २०१४ साली खार जिंकली, त्याच वर्षी ७ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. बैल हा शर्यतीसाठी घडलेला प्राणी नाही आणि त्यालाही प्रतिष्ठेने जगायचा हक्क आहे, असा त्या निकालाचा आशय. पुढे २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. नऊ वर्षे देशातले नामांकित वकील बैलाच्या बाजूने आणि विरुद्ध भांडले. दोन्ही पक्षांचे बैलावर प्रेम होते. बैलाचे म्हणणे तेवढे कोणाला घेता आले नाही, कारण बैलाला म्हणणे मांडता येत नाही.

पण ज्यांना मांडता येते, त्यांचे तरी आपण कुठे घेतो?

जोडीचा सगळ्यात जुना दाखला आपल्या तत्त्वज्ञानातच आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पुरुष आणि प्रकृती यांची जोडी आंधळ्या-पांगळ्याची सांगितली आहे. आंधळ्याला चालता येते पण दिसत नाही. पांगळ्याला दिसते पण चालता येत नाही. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसतो आणि दोघे मुक्कामाला पोचतात. यालाच अंधपंगुन्याय म्हणतात. आंधळगावचा रहिवासी म्हणून मला या न्यायाविषयी थोडा घरचा जिव्हाळा आहे. पण माझी एक शंका आहे. आमच्या गावाच्या नावात आंधळा ऐकू येतो; पांगळा ऐकू येत नाही. आसपास पांगळगावही नाही. जोडी कितीही गुण्यागोविंदाने चालो, पाटीवर नाव लागते एकाचेच.

आमच्या गावात कोशाचे कापड विणतात. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात, तो ताणा. आडवा धागा धोट्यातून इकडून तिकडे पळतो, तो बाणा. बाण्याची सगळी धावपळ दिसते. ताणा जागचा हलत नाही. कापड पुरे होईपर्यंत ताण तेवढा सोसतो. आणि कापड बाजारात गेले, की कोणी ताण्याला वेगळा भाव विचारीत नाही.

हे सारे चिंतन मी पुतण्याला रात्री जेवताना ऐकवले. त्याने भाकरी मोडता मोडता विचारले, ‘मंग काका, आपल्या घरी पाचिरिसू कोन?’

घरात एकदम शांतता पसरली. माझी बायको आणि वहिनी एकमेकींकडे पाहून हसल्या. त्यांच्या मते उत्तर उघड होते आणि त्या दोन होत्या. पण पुतण्या आपल्या बापाकडे पाहत होता.

दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. आमची चार एकर धानाची शेती. वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा घरात पैसा एकाच्या शिक्षणापुरता होता. एकाने शिकायचे आणि एकाने शेत पाहायचे, असे ठरले. कोणी ठरवले, कधी ठरवले, कोण हजर होते, याचे इतिवृत्त उपलब्ध नाही. दादाने दहावीनंतर शाळा सोडली. मी भंडाऱ्याला जाऊन बी. कॉम. झालो, बँकेत लागलो, पेढे वाटले आणि फोटो काढला.

‘बाबा,’ पुतण्याने विचारले, ‘तुमाले कोनी विचारलं होतं का?’

‘कायचं?’

‘शाळा सोडाचं.’

दादाने वरण वाढून घेतले. भात कालवला. दादा कोणत्याही प्रश्नाला भात कालवून झाल्याशिवाय उत्तर देत नाही.

‘विचारलं असतं तं हो म्हनलं असतं मी,’ तो म्हणाला. एक घास खाल्ला. ‘पन विचाराले पायजे होतं.’

एवढे बोलून त्याने मिरची मागितली.

त्या वाक्याचा हिशेब मी कित्येक दिवस मांडतो आहे. जमाखर्चाच्या दृष्टीने पाहिले तर विचारले काय, न विचारले काय, फरक शून्य. उत्तर ‘हो’च असणार होते. शेत त्यानेच पाहिले असते, बी. कॉम. मीच झालो असतो. मग विचारण्याने वाढले असते काय? याचे उत्तर मला पगाराच्या चिठ्ठीत सापडले. पगारातून दरमहा पाचशे रुपये कापले गेले, तर त्याला कपात म्हणतात. तेच पाचशे मी गणपतीला हाताने दिले, तर त्याला वर्गणी म्हणतात. खिशातून गेले सारखेच. पण कपातीचे कागद आपण रद्दीत घालतो, आणि वर्गणीची पावती देवामागे खोचून ठेवतो. दादाने जे दिले ते दान होते. न विचारल्यामुळे त्याची कपात झाली. कोणी दोन शब्द विचारले असते, तर तेच ओझे तीस वर्षे त्याने देणाऱ्याच्या ताठ मानेने वाहिले असते.

विचारायची वेळ तर निघून गेली. ज्यांनी विचारायचे, ते आता भिंतीवर हारात आहेत. मग करायचे काय? यावर तोडगा सुचवला तो आमच्या शाखेत पीककर्जासाठी आलेल्या एका म्हाताऱ्या खातेदाराने. त्यांची बैलजोडी मी पाहिली होती. एक बैल दणकट, दुसरा जरा उतरलेला. मी विचारले, ‘मामाजी, ही जोडी चालते कशी?’

ते म्हणाले, ‘सायेब, दोन बैल सारखे कदीच नसतेत. सारखं करा लागते ते जू.’

म्हणजे असे. जुवाला दांडी बांधतात ती बरोबर मधोमध न बांधता दणकट बैलाकडे जरा सरकवून बांधायची. दोन मानांमध्ये चार फूट अंतर धरा. दांडी दोन इंच सरकवली, की एका बाजूला बावीस इंच राहतात आणि दुसऱ्या बाजूला सव्वीस. ओढ शंभर किलोची असेल, तर दणकट बैलावर चोपन्न येते आणि उतरलेल्यावर शेहेचाळीस. मी हे काउंटरवरच कॅल्क्युलेटरवर करून पाहिले. मागे रांग लागली होती, पण हिशेब बरोबर निघाला. त्या बैलाला कोणी निवृत्त केले नाही, त्याचा सत्कार केला नाही, त्याच्या त्यागावर भाषण केले नाही. दोन इंच दोर सरकवला. जोडीतल्या दुसऱ्याचे देणे बहुतेक वेळा एवढ्याच मापाचे असते. तेवढेही द्यायचे नसते म्हणून आपण भाषण करतो.

यंदा रोवणीच्या दिवसांत मी आठ दिवसांची रजा टाकली आणि बांधीत उतरलो. ‘काका, तुमाले कोनी बोलावलं होतं का?’ पुतण्याने विचारले. मी म्हणालो, ‘रामाच्या खारीलाही कोणी बोलावलं नव्हतं.’ चिखलात माझा एक पाय रुतला की दुसरा निघे, आणि दुसरा रुतला की चप्पल निघे. मी लावलेली रोपे आजही लांबून ओळखू येतात. महिन्याच्या एक तारखेला बँकेपुढे रांग उभी राहते तशी ती उभी आहेत.

तिसऱ्या दिवशी दुपारी दादा बांधावर आला. वाकून ती रांग त्याने निरखून पाहिली. माझ्या पाठीवरून हात फिरवला. पट्टे उमटले असतील, कारण हाताला चिखल होता. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, ‘तुले विचारून राहिलो बरं का. उद्यापासून बँकेत जाशीन का?’

त्याने मला विचारले होते. मी लगेच हो म्हटले.